स्पोर्ट्स कारसाठी नवी ब्रेक डिस्क आणि पॅड निवडताना

पहिल्यांदा ब्रेक बदलायची वेळ आली की बहुतेक जण सुरुवात डिस्कच्या फोटोंपासून करतात. भोकं पाडलेली, खाचा मारलेली, सोनेरी मुलामा दिलेली डिस्क चाकाच्या आरांमधून छान दिसते, हे खरंच आहे. पण निवड तिथून सुरू करू नका. ब्रेकचं काम म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणं आणि ती हवेत सोडून देणं. तुमच्या हातात तुमची गाडी किती उष्णता तयार करते, हे एकदा नीट कळलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

थोडा हिशोब करू. १५०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगात असताना तिच्यात साधारण ५८० किलोज्यूल ऊर्जा असते. इंजिन पुढे असलेल्या गाडीत ब्रेकिंगचा जवळपास ७० टक्के भार पुढची दोन चाकं घेतात. पुढची प्रत्येक डिस्क १० किलोची धरली, तर अशा एका ब्रेकमध्ये ती सुमारे ४५ अंशांनी तापते. हेच २०० वरून थांबवलं तर वेग दुप्पट आणि ऊर्जा चौपट, म्हणजे एकाच ब्रेकमध्ये १७५ अंशांच्या आसपास. रस्त्यावर असा ब्रेक क्वचित लागतो. रेस ट्रॅकवर तो मिनिटभरात तीन-चारदा लागतो आणि मध्ये थंड व्हायला पुरेसा वेळ नसतो. त्यामुळे रस्त्यावर वर्षानुवर्षं उत्तम चाललेले ब्रेक ट्रॅकवर पाचव्या फेरीला हात टेकतात.

आणखी एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. गाडी शेवटी थांबवतो तो टायर. टायरची पकड गुरुत्वाकर्षणाएवढा वेगऱ्हास देत असेल, तर १०० वरून थांबायला साधारण ३९ मीटर लागणारच, डिस्क कितीही मोठी असली तरी. पेडल जोरात दाबल्यावर एबीएस (चाकं अडकू न देणारी यंत्रणा) चालू होत असेल, तर तुमचे ब्रेक टायरपेक्षा आधीच ताकदवान आहेत. मोठी डिस्क तो पहिला ब्रेक आखूड करत नाही. दहाव्या ब्रेकलाही पहिल्यासारखीच गाडी थांबावी, यासाठी ती असते.

पायरी १: गाडी कशी चालवता ते लिहून काढा

कागदावर लिहा, कारण मनातल्या मनात प्रत्येक जण स्वतःला जरा जास्तच वेगवान समजतो. रोजची ये-जा आणि अधूनमधून घाटरस्ता, हा एक प्रकार. त्यात वर्षातून दोन-चार ट्रॅक डे (स्वतःची गाडी रेस ट्रॅकवर पळवण्याचे दिवस), आणि गाडी त्याच ब्रेकवर घरी चालवत आणायची, हा दुसरा. गाडी ट्रेलरवरून जाते आणि फक्त ट्रॅकवरच पळते, हा तिसरा. गाडीचं वजन, टायरचा प्रकार आणि इंजिनची ताकद वाढवली असेल तर तेही लिहा. चिकट टायर लावले की ब्रेकवरचा भार वाढतो, हे पुष्कळ जण विसरतात.

पायरी २: जुने ब्रेक काय सांगतात ते बघा

चाक काढा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून हात आत घालू नका. खाली स्टँड हवेतच.

डिस्कच्या मधल्या टोपीवर किंवा कडेवर किमान जाडी कोरलेली असते. नवी २८ मिलिमीटर असेल तर किमान २६ असू शकते. दोन मिलिमीटरचाच सगळा खेळ. साधा व्हर्नियर लावला तर त्याचे जबडे डिस्कच्या काठावर उरलेल्या, न झिजलेल्या कडेवर टेकतात आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. म्हणून मायक्रोमीटर वापरा आणि पॅड जिथे घासतो त्या पट्ट्यावर, गोलाकार सात-आठ ठिकाणी मोजा. सगळ्यात कमी भरलेला आकडा खरा धरा.

मग भेगा. पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेषांची जाळी असेल तर ती उष्णतेची खूण आहे, लगेच घाबरायचं कारण नाही. पण नख अडकण्याएवढी भेग, काठापर्यंत पोचलेली भेग किंवा एका भोकाकडून दुसऱ्याकडे निघालेली भेग दिसली, तर डिस्क तिथेच बाद. जाडी कितीही उरलेली असो.

पॅड बघताना आतल्या बाजूचाही बघा. बाहेरचा चाकातून दिसतो, म्हणून त्यावरच सगळे भागवतात. सरकत्या कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना सुकल्या की आतला पॅड संपत येतो आणि बाहेरचा निम्मा शिल्लक असतो. अशा गाडीला महागडे पॅड घालूनही उपयोग नाही. आधी पिना साफ करून त्यांना सिलिकॉनचं ग्रीस लावायला हवं. रस्त्यावरच्या गाडीत ३ मिलिमीटर उरले की पॅड बदला. ट्रॅकवर जाणार असाल तर निम्म्यावर आलेला पॅड घेऊन जाऊ नका, कारण पॅड जितका पातळ, तितकी उष्णता कॅलिपरमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये लवकर शिरते.

ब्रेक कमी पडल्याचा अनुभव आला असेल तर त्या वेळी पेडल कसं होतं ते आठवा. पेडल कडक, पाय पूर्ण जोर लावतोय आणि गाडी थांबत नाही: पॅड त्याच्या मर्यादेबाहेर तापलाय. पेडल मऊ होऊन खाली खाली जातंय: ऑइल उकळलंय आणि नळ्यांमध्ये वाफ झालीय. दोन्हीला लोक 'ब्रेक फेल झाले' असंच म्हणतात, पण पहिल्याचा इलाज पॅड आहे आणि दुसऱ्याचा ऑइल.

पायरी ३: नेमका भाग ओळखा

स्पोर्ट्स कारच्या एकाच मॉडेलला, एकाच वर्षी, दोन-तीन वेगवेगळे ब्रेक येऊ शकतात. साधं मॉडेल, जास्त ताकदीचं मॉडेल आणि वर घेतलेलं स्पोर्ट पॅकेज, तिघांच्या डिस्क वेगळ्या. नुसतं मॉडेलचं नाव सांगून मागवू नका. चासी नंबरवरून पार्ट नंबर काढा आणि त्यावरही न थांबता डिस्कचा व्यास, जाडी आणि टोपीची उंची स्वतः मोजून पडताळा. पॅडच्या पाठीवर युरोपीय पद्धतीचा डब्ल्यूव्हीए नंबर किंवा अमेरिकी पद्धतीचा एफएमएसआय नंबर असतो. त्यावरून पॅडचा आकार पक्का जुळवता येतो. आधीच्या मालकाने कॅलिपर बदललेले असतील तर चासी नंबर उपयोगाचा नाही, मग कॅलिपरवरचाच नंबर वाचायचा.

पायरी ४: आधी पॅड ठरवा, डिस्क नंतर

पैसे आणि विचार दोन्ही आधी पॅडवर खर्च करा, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडीच्या ब्रेकचा स्वभाव सर्वात जास्त बदलतो तो पॅडमुळे.

प्रत्येक पॅडचा एक तापमानाचा पट्टा असतो. रस्त्यासाठी बनवलेला पॅड अगदी थंड असतानाही चावतो आणि साधारण ३५०-४०० अंशांपर्यंत नीट काम करतो. रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी बनवलेले पॅड ६०० अंशांच्या आसपास टिकतात. थंडीत थोडे सुस्त, थोडे आवाज करणारे. निव्वळ शर्यतीचे पॅड ८०० अंशांपर्यंतही जातात, पण त्यांना आधी तापवावं लागतं. मी एकदा असे पॅड रोजच्या गाडीला लावून ठेवले होते. थंडीतल्या पहाटे पहिल्याच चौकात पेडल दाबलं, तर गाडी लाकडाचे पॅड असल्यासारखी पुढे सरकत राहिली. दुसऱ्यांदा दुप्पट जोर लावल्यावर थांबली. त्याच दिवशी ते काढले. रस्त्यावर सगळ्यात महत्त्वाचा ब्रेक नेहमी थंड असतानाच लागतो. अचानक समोर आलेलं मूल तुमचे पॅड तापायची वाट बघत नाही.

पॅड ज्या मिश्रणाचा बनतो त्याबद्दल थोडक्यात. सेंद्रिय पॅड मऊ आणि शांत, उष्णतेला कच्चे. सिरॅमिक नावाने विकले जाणारे पॅड शांत आणि चाकावर काळी पूड कमी टाकणारे. शहरात मस्त, ट्रॅकसाठी सहसा नाहीत. (हे पॅड आणि कार्बन सिरॅमिक डिस्क यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, नावामुळे फसू नका.) लोखंड-तांब्याचे कण जास्त असलेले सेमी-मेटॅलिक पॅड जास्त उष्णता सोसतात, बदल्यात आवाज, पूड आणि डिस्कची झीज. ट्रॅकच्या पॅडची पूड ओली झाली की चाकाच्या रंगाला चिकटून गंजते, म्हणून ट्रॅकवरून आल्यावर चाकं त्याच दिवशी धुवा.

पुष्कळ पॅडच्या कडेला छापलेल्या कोडमध्ये दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर साधारण तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफएफ लिहिलेला पॅड गार आणि गरम दोन्हीत सारखा वागतो. जीई लिहिलेला गार असताना चावतो आणि तापल्यावर सोडून देतो. ही चाचणी लहानशा तुकड्यावर होते, त्यामुळे तुमच्या गाडीत काय होईल ते ही अक्षरं पूर्ण सांगत नाहीत. पण दोन पॅडमध्ये अडलात तर मदत होते. युरोपीय 'आर ९०' चिन्ह असेल तर त्या पॅडचं घर्षण मूळ पॅडच्या १५ टक्के आतबाहेर असल्याचं तपासलेलं असतं. पहिल्यांदाच बदलत असाल आणि गाडी रस्त्यावरच चालणार असेल, तर हे चिन्ह बघून घ्या.

पुढे जहाल आणि मागे साधे, अशी भेळ करू नका. पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल गाडी बनवणाऱ्यांनी मोजून ठेवलेला असतो. उलट, मागे जास्त चावणारा पॅड लावला तर ब्रेक लावताना मागचं चाक आधी अडकू बघतं आणि गाडी वळणात शेपूट टाकते. चारही चाकांना एकाच कुटुंबातले पॅड घेणं नवख्यासाठी सर्वात सुरक्षित.

पायरी ५: डिस्क

बहुतेक गाड्यांची डिस्क बिडाची असते, तव्याच्या बिडाचीच जवळची नातलग. बीड उष्णता साठवतं, पसरवतं आणि कंपनं गिळतं. म्हणून एवढ्या वर्षांनंतरही ते टिकून आहे.

रस्त्यासाठी आणि बऱ्याचशा ट्रॅक डेसाठी चांगल्या कंपनीची, मधून हवा जाणारी, साध्या पृष्ठभागाची डिस्क पुरते. मी हीच सुचवतो. तिच्यात धातू जास्त, म्हणजे उष्णता साठवायला जागा जास्त, आणि भेगा सुरू व्हायला भोकं नाहीत. खाचा मारलेली डिस्क पॅडचा वरचा थर खरवडत राहते, पावसाचं पाणी आणि पूड बाहेर काढते. पॅड थोडा लवकर संपतो आणि घरघर ऐकू येते. ट्रॅकवर वारंवार जाणाऱ्याला ती योग्य. भोकं पाडलेली डिस्क रस्त्यावर चांगली चालते, पावसात पहिला ब्रेक पटकन लागतो, काही गाड्यांना ती कारखान्यातूनच येते. पण ट्रॅकच्या तापण्या-थंड होण्याच्या चक्रात भेगा त्या भोकांच्या काठापासूनच सुरू होतात. साध्या डिस्कला नंतर ड्रिलने भोकं पाडून विकलेला माल तर अजिबात घेऊ नका.

डिस्कच्या पोटात हवेसाठी पाती असतात. ती सरळ असतील तर डिस्क कुठल्याही बाजूला चालते. वक्र असतील तर डावी आणि उजवी वेगळी. चाक पुढे फिरत असताना पाती मधून बाहेर जाता जाता मागच्या बाजूला झुकलेली दिसली पाहिजेत. तेव्हा ती पंख्यासारखी मधली हवा ओढून बाहेर फेकतात. ही दिशा पृष्ठभागावरच्या खाचांवरून ठरवू नका, खाचांची दिशा कंपनीगणिक बदलते. कडेतून आत डोकावून पातीच बघा.

दोन तुकड्यांच्या डिस्कमध्ये मधली टोपी ॲल्युमिनियमची आणि बाहेरचं कडं बिडाचं असतं. वजन कमी होतं, तापलेलं कडं मोकळेपणी पसरतं आणि नंतर फक्त कडंच बदलता येतं. ट्रॅकवर नेमाने जाणाऱ्यासाठी हा खर्च वाया जात नाही. फक्त सुटं कडं मागवता येतं ना, हे आधीच विचारून घ्या. नाहीतर मुख्य फायदाच गेला.

कार्बन सिरॅमिक डिस्क २००१ मध्ये पोर्शच्या ९११ जीटी२ या रस्त्यावरच्या गाडीला कारखान्यातूनच लावून आली. वजन बिडाच्या जवळपास निम्मं, गंज नाही. तिची झीज नुसत्या जाडीवरून कळत नाही. टोपीवर किमान वजन लिहिलेलं असतं आणि डिस्क काढून तोलावी लागते. तिला तिचेच पॅड लागतात. चाक काढता-घालताना रिम काठावर आपटली तर टवका उडतो आणि डिस्क जाते. तुमच्या गाडीला ती आधीच असेल तर जपा; नसेल तर पहिल्याच बदलात तिच्या वाटेला जाऊ नका.

व्यास वाढवायचा विचार असेल तर चाकाच्या आत कॅलिपर मावतो का हे कागदी साच्याने तपासा. बरेच विक्रेते तसा साचा देतात. आणि डिस्क नेहमी एका ॲक्सलची जोडी बदला, एकटी कधीच नाही.

पायरी ६: ब्रेक ऑइल

हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ या प्रकारच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश, पाणी शिरल्यावर १५५. डॉट ५.१ चे आकडे २६० आणि १८०. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं आणि ते बाकीच्यांत मिसळायचं नाही, नाव ५.१ सारखं वाटतं म्हणून घोटाळा होतो. रस्त्यासाठी गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं ऑइल, दोन वर्षांनी बदलून. ट्रॅकसाठी ३०० अंशांच्या वर उकळणारं रेसिंगचं ऑइल, आणि ट्रॅक डेच्या आधी ताजं. उघडून महिनोन्‌महिने ठेवलेला डबा वापरू नका. नवे पॅड, नवी डिस्क आणि आत तीन वर्षांचं ऑइल, असं काम करण्यापेक्षा आधी फक्त ऑइल बदललेलं बरं.

पायरी ७: बसवणं

माझ्या एका गाडीच्या पेडलला थरथर येत होती. गॅरेजवाले म्हणाले, डिस्क वाकली. नवी जोडी घातली. महिन्याभरात थरथर परत. पुन्हा जोडी बदलली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी स्वतः डिस्क काढली आणि हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागाच्या) चकचकीत वाटणाऱ्या तोंडावरून बोट फिरवलं. एका स्टडच्या मुळाशी गंजाचा पापुद्रा होता, नखाएवढा, कागदाहून जाड नसेल. डिस्क त्यावर टेकून तिरकी बसत होती. मधला तेवढा तिरकेपणा काठाशी आणखी वाढतो. काठ दर फेरीला पॅडला एकाच जागी घासतो आणि डिस्कची जाडी कमीजास्त होत जाते. पेडलला जाणवते ती त्याची थरथर. पापुद्रा तारेच्या ब्रशने काढला, त्या 'वाकलेल्या' डिस्कच्या जागी नवी घातली आणि आजतागायत काही नाही.

म्हणून हब धातू दिसेपर्यंत साफ करा, स्टडच्या मुळांशी विशेष. शक्य असेल तर डायल गेज (डिस्क फिरताना किती डुलते ते मोजणारं घड्याळ) लावून डिस्क फिरवा. बहुतेक गाड्यांत या डुलण्याची मर्यादा ०.०५ ते ०.१ मिलिमीटर असते; तुमच्या गाडीचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. जास्त भरलं तर डिस्क एक-दोन स्टड फिरवून पुन्हा लावून बघा.

नव्या डिस्कवर गंज न लागण्यासाठी तेलाचा थर असतो. तो ब्रेक क्लीनरने पुसून काढा. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा पिस्टन मागे ढकलताना वरच्या टाकीतलं ऑइल वर येतं आणि सांडलं तर रंग खातं, म्हणून लक्ष ठेवा. मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड लावल्याशिवाय पिस्टनला हात लावू नका, मोटर मोडते. जुनी पूड कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, ती फुप्फुसात जाते. चाकाचे बोल्ट चांदणीच्या क्रमाने, टॉर्क रेंचने आवळा.

आणि गाडी हलवण्याआधी पेडल पंप करा, कडक होईपर्यंत. पिस्टन मागे गेलेले असताना पहिलं पेडल सरळ जमिनीपर्यंत जातं. गाडी बाहेर काढताना भिंतीला आपटण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

पायरी ८: पॅड आणि डिस्कची ओळख करून देणं

याला बेडिंग म्हणतात. पॅडच्या द्रव्याचा एक पातळ, सारखा थर डिस्कवर बसला की ब्रेक त्याच्या खऱ्या ताकदीने लागतो. पॅडच्या कंपनीने पद्धत दिली असेल तर तीच करा. नसेल तर मोकळा, सुरक्षित रस्ता बघा. आधी सात-आठ हलके ब्रेक. मग १०० वरून ३० पर्यंत, चांगल्या जोराने पण एबीएस चालू न करता, आठ-दहा वेळा, मध्ये पूर्ण न थांबता. जळका वास येईल, थोडा धूरही दिसू शकतो. नंतर दहा-पंधरा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता गाडी चालवून थंड होऊ द्या. डिस्क तापलेली असताना गाडी थांबवून पेडल दाबून धरलं, तर पॅडचा ठसा त्याच जागी उमटतो आणि पुढे थरथर सुरू होते. ट्रॅकवरून पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक न लावण्याचं कारणही हेच. गिअरमध्ये ठेवा, चाकाला अडसर लावा.

जुन्या डिस्कवर वेगळ्या मिश्रणाचे पॅड घालत असाल तर जुना थर पॉलिश पेपरने खरवडून मगच हे सगळं करा.

दुसऱ्या दिवशी गार डिस्ककडे बघा. पूर्ण पट्ट्यावर निळसर-राखाडी, एकसारखी झाक असेल तर थर बसला. ठिपके किंवा पट्टे दिसत असतील तर बेडिंग आणखी एकदा करा. शंभरेक किलोमीटर झाल्यावर चाकाचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा आणि टाकीतल्या ऑइलची पातळी बघा. ट्रॅकवर जाणार असाल तर डिस्कच्या काठावर तापमान दाखवणारा रंग लावून जा; हिरवा साधारण ४३० अंशांना उडतो, केशरी ५६० ला आणि लाल ६१० ला. लाल उडाला असेल आणि तुमचा पॅड ६०० चा असेल, तर पुढच्या वेळी कुठला पॅड घ्यायचा ते ठरलं.